सुनेला लुपस आहे, मग कोवळं ऊन द्यायचं की नाही?

यावेळचं पत्र सोलापूरच्या एका काकूंचं आहे. थोडं कमी करून देते:

"सुनेला तीन वर्षांपूर्वी लुपस निघाला, गोळ्यांवर छान चाललं होतं. चार महिन्यांपूर्वी बाळंत झाली, नातू झाला. बाळंतपणानंतर मी तिला आणि बाळाला रोज सकाळी गच्चीवर उन्हात बसवायचे, नऊ-साडेनऊपर्यंत, कारण आमच्याकडे सगळे म्हणतात उन्हानं प्रतिकारशक्ती वाढते आणि हिची तर कमीच असणार. काही दिवसांनी तिच्या गालांवर लाल चट्टे आले, बोटांचे सांधे सुजले. डॉक्टरांनी ऊन बंद सांगितलं. आता ती दिवसभर पडदे ओढून बसते आणि रिपोर्टमध्ये व्हिटॅमिन डी ११ आलंय. शेजारच्या भाऊंना सोरायसिस आहे, त्यांना तर दवाखान्यात मुद्दाम तसल्याच लाइटखाली उभं करतात आणि गुण आलाय. मुलगा म्हणतो लुपसवर उजेडाचा उपचार काढून कुणाला तरी नोबेल मिळालंय. मला स्वतःला वारीहून आलं की दरवर्षी ओठावर पाण्याचे फोड येतात, लोक म्हणतात उष्णतेचे. मग ऊन चांगलं की वाईट? माझ्यामुळे तिचा आजार वाढला का? आणि बाळाचं काय?"

काकू, शेवटून दुसरा प्रश्न आधी घेते कारण तोच तुम्हाला रात्री झोपू देत नसणार. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत लुपस उसळणं हे ऊन असो नसो बऱ्याच जणींमध्ये होतं, हार्मोन एकदम बदलतात, झोप नसते, अंगात रक्त कमी असतं. उन्हानं त्यात भर घातली असेल, गालावरचे चट्टे बघता घातली असण्याची शक्यता आहे, पण किती उन्हाचं आणि किती बाळंतपणाचं हे कुठलाही डॉक्टर वेगळं काढून दाखवू शकत नाही. तुम्ही जे केलंत ते आपल्याकडे प्रत्येक घरात करतात आणि बाकीच्या बाळंतिणींना त्यानं काही होत नाही. सांगितल्यावर थांबलात ना, झालं. सासूनं सुनेच्या आजाराबद्दल एवढं बारकाईनं लिहावं हेच मला फार मोलाचं वाटलं, आणि म्हणून उत्तर जरा लांबलचक देतेय, कंटाळू नका.

आता मूळ घोळ. "हिची प्रतिकारशक्ती कमीच असणार" असं तुम्ही लिहिलंय, आणि जवळजवळ प्रत्येक लुपसच्या पेशंटच्या घरी मला हेच ऐकायला मिळतं. लुपसमध्ये प्रतिकारशक्ती कमी नसते, ती चुकीच्या ठिकाणी जोर लावत असते. आपल्याच पेशींच्या आतलं, अगदी पेशीच्या केंद्रातलं जे सामान असतं, डीएनए आणि त्याच्या भोवतीची प्रथिनं, त्याला ती परकं समजते आणि त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार करते. एएनएची टेस्ट केली असेल ना, ती ह्याच अँटीबॉडी शोधते. त्यामुळे "प्रतिकारशक्ती वाढवायची" हा विचारच तिच्या बाबतीत लागू नाही, तिच्या गोळ्या तर उलट ती आवरायला दिलेल्या आहेत. (घरात गुळवेलीचा काढा किंवा इम्युनिटीच्या नावाची कुठलीही पावडर चालू असेल तर आधी तिच्या डॉक्टरांना दाखवा. २०२१ मध्ये मुंबईतल्या लिव्हरच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही पेशंटमध्ये लिव्हरला सूज आल्याचं मांडलं होतं, आणि ती सूज प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लिव्हरवर उलटते तशा प्रकारची होती. आयुष मंत्रालयानं त्यावर हरकत घेतली, वाद झाला, पण लुपसच्या पेशंटनं त्या वादात आपलं लिव्हर कशाला घालायचं.)

मग ऊन नेमकं करतं काय. उन्हातला जो भाग डोळ्यांना दिसत नाही आणि अंगाला गरमही लागत नाही तो अल्ट्राव्हायोलेट, म्हणजे यूव्ही. त्यातला सी प्रकार वरच वातावरणात अडतो, आपल्यापर्यंत येत नाही. जमिनीवर पोचतो त्यात साधारण ९५ टक्के ए आणि उरलेला थोडासा बी. बी थोडा असला तरी जोरकस, कातडी लाल करणं आणि व्हिटॅमिन डी बनवणं ही मुख्यतः त्याचीच कामं. ए जास्त आत शिरतो, आणि काचेतूनही येतो, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपल्या कातडीत लँगरहान्स नावाच्या पेशी असतात, १८६८ साली पॉल लँगरहान्स नावाच्या जर्मन विद्यार्थ्याला त्या पहिल्यांदा दिसल्या. बाहेरून काही जंतू-बिंतू आला की त्याचा तुकडा पकडायचा, जवळच्या गाठीत जायचं, काखेत मानेत गाठी असतात ना त्या, आणि तिथल्या टी पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढणाऱ्या पेशींना, तो दाखवायचा, हे त्यांचं काम. यूव्ही पडला की ह्या पेशी कातडीतून कमी होतात, आणि ज्या गाठीपर्यंत पोचतात त्यांनी वाटेत मार खाल्लेला असतो, त्यामुळे त्या टी पेशींना "लढा" ऐवजी "गप्प बसा" असा निरोप देतात. त्यातून आवर घालणाऱ्या टी पेशी तयार होतात, गल्लीत भांडण पेटायला लागलं की वडीलधारी माणसं मध्ये पडतात तशा. शिवाय कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात युरोकॅनिक ॲसिड नावाचा पदार्थ असतो, यूव्ही लागला की त्याचा आकार बदलतो आणि तो बदललेला पदार्थही प्रतिकारशक्ती दाबतो, हे डी फॅबो आणि नूनन ह्या दोघांनी १९८३ मध्ये मांडलं. आणि पेशीतल्या डीएनएला यूव्हीनं जे टाके तुटतात-जुळतात, त्या नुकसानीचाही ह्यात मोठा हात आहे.

म्हणजे काकू, सगळे म्हणतात त्याच्या बरोब्बर उलट. धडधाकट माणसाच्या कातडीत ऊन प्रतिकारशक्ती वाढवत नाही, तिचा एक भाग दाबतं. हे कळलं कसं तेही सांगते. १९७० च्या दशकात अमेरिकेत मार्गारेट क्रिप्के नावाच्या बाई उंदरांवर काम करत होत्या. यूव्ही देऊन देऊन उंदरांना कातडीचा कॅन्सर व्हायचा. त्या गाठीचा तुकडा काढून दुसऱ्या साध्या, त्याच जातीच्या उंदराला लावला की तो उंदीर ती गाठ नाकारायचा, गाठ विरून जायची. मग प्रश्न पडला, ज्याला मुळात झाली त्या उंदरानं का नाही नाकारली? तर तीच गाठ जेव्हा आधी यूव्ही खाल्लेल्या उंदराला लावली तेव्हा ती मजेत वाढली. म्हणजे यूव्हीनं कॅन्सर तर केलाच, वर त्या कॅन्सरला हाकलायची ताकदही काढून घेतली. ह्या एका निरीक्षणातून पुढे सगळं शास्त्र उभं राहिलं.

आता तुमचे ओठावरचे फोड. ते उष्णतेचे नाहीत, दरवर्षी त्याच जागी येत असतील तर ते बहुतेक हर्पिसचे आहेत. हा विषाणू लहानपणीच कधीतरी आपल्या अंगात येतो आणि चेहऱ्याच्या नसेच्या मुळाशी जन्मभर पडून राहतो, ह्यात लाजण्यासारखं काही नाही, फार लोकांना असतो. चार दिवस उन्हात चाललात, ओठांवर यूव्ही पडला, तिथला बंदोबस्त ढिला झाला की तो वर येतो. वारी तर आषाढात, आभाळ भरलेलं, मग ऊन कुठलं असं वाटेल, पण पातळ ढगांतून ८० टक्क्यांपर्यंत यूव्ही खाली येतो. १९९१ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात असे फोड येणाऱ्या लोकांच्या ओठांवर मुद्दाम यूव्ही सोडला होता, नुसतं साधं मलम लावलं तेव्हा बहुतेकांना फोड आले आणि सनस्क्रीन लावलं तेव्हा एकालाही नाही. पुढच्या वारीला एसपीएफ असलेला लिप बाम घ्या आणि दिवसातून चार-पाच वेळा लावा. आणि एक महत्त्वाचं, ओठावर फोड असतील तेव्हा नातवाची पापी घ्यायची नाही, फोडाला हात लावला तर साबणानं धुतल्याशिवाय त्याला घ्यायचं नाही. तान्ह्या बाळांना हर्पिस खूप जड जातो.

शेजारच्या भाऊंचं कोडं पण ह्यातच सुटतं. सोरायसिसमध्ये कातडीतल्या टी पेशी विनाकारण चवताळलेल्या असतात, त्यामुळे कातडी भराभर वाढते आणि खपल्या पडतात. दवाखान्यातला तो लाइट ३११ नॅनोमीटरचा, म्हणजे यूव्ही बी मधला एक बारीकसा पट्टा, आणि तो त्या चवताळलेल्या टी पेशी मारतो, बाकीच्यांना शांत करतो. म्हणजे तिथे डॉक्टर यूव्ही वापरतात ते प्रतिकारशक्ती दाबायलाच. अंगावरच्या पांढऱ्या कोडावरही हाच लाइट देतात, आणि आपल्याकडे बावचीचा लेप लावून उन्हात बसायचा उपाय फार जुना आहे, बावचीत सोरॅलेन असतं जे उन्हाचा परिणाम कैक पटीनं वाढवतं. तेच सोरॅलेन आणि यूव्ही ए एकत्र करून १९७४ पासून सोरायसिसला देतात, पुवा म्हणतात त्याला. पण हे सगळं मोजून मापून, सेकंदांच्या हिशोबात, डोळ्यांवर चष्मा लावून. घरी गच्चीवर बावची लावून बसलेल्या लोकांची भाजलेली कातडी मी बघितलीय, ते कुणी करू नका. आणि सुनेला तर भाऊंच्या लाइटजवळ फिरकूही देऊ नका, लुपस असेल तर हा उपचार टाळतात.

मुलानं वाचलंय ते नोबेल खरं आहे, १९०३ सालचं, डेन्मार्कच्या नील्स फिन्सेनला मिळालं. पण त्यानं बरा केला तो लुपस व्हल्गॅरिस, म्हणजे कातडीचा टीबी, चेहरा खाऊन टाकणारा. कार्बनच्या मोठ्या दिव्याचा उजेड भिंगांतून त्या जखमेवर सोडायचा. तुमच्या सुनेचा आजार सिस्टेमिक लुपस, त्याचा टीबीशी काही संबंध नाही, नुसतं नाव सारखं. मुलाला एवढं नक्की सांगा कारण असली अर्धी माहिती वाचून कुणी दिवा विकत आणला तर पंचाईत होईल.

मग प्रश्न उरतो की ऊन जर प्रतिकारशक्ती दाबतं आणि लुपसमध्ये ती जास्तच चवताळलेली, तर ऊन तिला चांगलं का नाही? हा प्रश्न खरंच हुशारीचा आहे आणि बरेच वर्ष डॉक्टरांनाही पडलेला होता. आधी हे बघा की शरीर उन्हात प्रतिकारशक्ती दाबतं कशाला. यूव्हीनं कातडीतल्या पेशी मरतात, फुटतात, त्यांच्या आतलं सामान बाहेर येतं. प्रत्येक वेळी प्रतिकारशक्ती त्या सामानावर तुटून पडली तर शेतात राबणाऱ्या माणसाची कातडी रोज सुजेल. म्हणून ती त्या वेळेपुरती शांत केली जाते, असंच बऱ्याच शास्त्रज्ञांना वाटतं. लुपसमध्ये नेमकी ही शांत करायची सोय नीट चालत नाही. पेशी मरतात, मेलेल्या पेशी वेळेवर उचलल्या जात नाहीत, त्यांच्या केंद्रातलं सामान पेशीच्या पृष्ठभागावर फुगे फुगे येऊन दिसायला लागतं, आणि तिच्या रक्तात तर त्याच सामानाविरुद्धच्या अँटीबॉडी तयार बसलेल्या आहेत! मग इंटरफेरॉन नावाचं रसायन सुटतं, आणखी पेशी जमतात, आणि ही आग कातडीपुरती राहत नाही, सांध्यांत, कधी कधी किडनीत पोचते. जे ऊन भाऊंच्या कातडीला शांत करतं तेच हिच्या कातडीत पेटवतं, कारण आजार वेगळा. म्हणून "ऊन चांगलं की वाईट" ह्याला माझ्याकडे एक उत्तर नाही, मी आधी विचारणार कुणाला, काय आजार, कुठली गोळी चालू.

अजून एक गोष्ट जी फसवते. उन्हात गेलं आणि संध्याकाळी चट्टा आला असं लुपसमध्ये दरवेळी होत नाही, आठवडा-दोन आठवड्यांनीही येतो. त्यामुळे लग्नाला मांडवाबाहेर उभी राहिली ते कुणाच्या लक्षात राहत नाही आणि दोष जातो त्या दिवशी खाल्लेल्या वांग्याला. मोबाइलमध्ये तारीख टाकून ठेवा, कुठे गेलो, किती वेळ उन्हात, कधी चट्टा. डॉक्टरांना फार उपयोग होतो.

आता व्हिटॅमिन डी. ११ म्हणजे कमीच, २० च्या खाली आलं की कमतरता म्हणतात. आणि डी नुसतं हाडांचं नाही, प्रतिकारशक्तीला वळण लावायलाही लागतं, टीबीचे जंतू मारणारं एक प्रथिन बनवायला पेशींना डी लागतं हे २००६ मध्ये दाखवलं गेलं. त्यामुळे "उन्हानं प्रतिकारशक्ती" ह्या म्हणण्यात खरा भाग एवढाच आहे, तो डीचा. पण गंमत अशी की कोवळ्या उन्हात डी फारसं बनतच नाही! सकाळी सात वाजता सूर्य खाली असतो, किरण तिरके, वातावरणातून लांबचा रस्ता कापून येतात आणि त्यातला बी वाटेतच गळतो, ए मात्र बऱ्यापैकी पोचतो. डी बनायचं तर आपल्याकडे साधारण अकरा ते दोनचं ऊन लागतं, सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाचं. सोलापुरात मेच्या दुसऱ्या आठवड्यात तर दुपारी सावली पायाखालीच जाते, तेव्हा यूव्ही इंडेक्स ११ च्या वर असतो, जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबात हा सगळ्यात वरचा गट. म्हणजे सुनेला सकाळी बसवलं तर डी नाही आणि ए आहे, दुपारी बसवलं तर डी आहे पण लुपस उसळणार. दोन्हीकडून तोटा.

सुदैवानं डी गोळीतूनही तेच मिळतं, ऊन न लागता, आणि लुपसमध्ये हाच रस्ता. साधारणपणे ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल आठवड्यातून एकदा, काही आठवडे, मग कमी डोस, पण तिचा डोस तिच्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या कारण किडनी, कॅल्शियम, स्टेरॉइड सगळं बघावं लागतं, आणि अंगावर पाजते हेही त्यांना सांगा. एक चूक वारंवार होते ती सांगून ठेवते, आठवड्याची पुडी लोक रोज घेतात. त्यानं रक्तात कॅल्शियम चढतं, उलट्या, बद्धकोष्ठता, किडनीवर ताण, दवाखान्यात भरती व्हायची वेळ येते. कॅलेंडरवर वार लिहून चिकटवा.

पडद्यांबद्दल मला खरंच वाईट वाटलं. चार महिन्यांची बाळंतीण, अंधाऱ्या खोलीत दिवसभर, तिचं मन कसं लागेल? ऊन टाळायचं म्हणजे उजेड टाळायचा असं नाही. घरातली एलईडी ट्यूब, टीव्ही, मोबाइल, ह्यात काळजी करण्यासारखा यूव्ही नसतो, जुने सीएफएल बल्ब असतील तर तेवढे बदलून टाका. खिडकीच्या काचेतून बी जवळजवळ अडतो पण ए येतो म्हणून थेट ऊन पडतं त्या खिडकीला चिकटून बसू नये, किंवा काचेला यूव्ही अडवणारी फिल्म लावून घ्या, ती पारदर्शक मिळते, खोलीत उजेड तसाच राहतो. उत्तरेकडची खिडकी असेल, थेट ऊन येत नसेल, तर खुशाल उघडा पडदा. सूर्य मावळल्यावर गच्चीवर जाऊ दे ना तिला, फिरायला जाऊ दे, बाळाला घेऊन बसू दे. मला तर वाटतं तिला रोज संध्याकाळी बाहेर काढणं हे तुमचं नवीन काम.

दिवसा बाहेर पडायचंच झालं, तपासणीला वगैरे, तर छत्री, पूर्ण बाह्यांचा घट्ट विणीचा गडद कपडा, स्कार्फ, सनकोट. पातळ पांढरा सुती कपडा घातला की वाटतं झाकलं, पण तो प्रकाशाकडे धरून बघा, आरपार दिसतं तिथून यूव्हीही जातो, आणि घामानं भिजला की आणखी. गाडीच्या पुढच्या काचेतून ए फारसा येत नाही पण बाजूच्या काचांतून बऱ्याच गाड्यांत येतो, म्हणून गाडीतही बाही खाली. सनस्क्रीन एसपीएफ ५० आणि त्यावर पीए पुढे तीन-चार प्लस असलेली घ्या, एसपीएफ मुख्यतः बी चं सांगतो आणि पीए ए चं, तिला दोन्ही अडवायला लागतात. दोन बोटांवर लांब रेघ निघेल एवढी चेहऱ्याला आणि मानेला, निघायच्या आधी, आणि बाहेर असेपर्यंत दर दोन तासांनी. वाटाण्याएवढी लावली तर छापलेल्या आकड्याच्या जवळपासही जात नाही. महाग पडते हे मला माहितीय, पण तिच्यासाठी हे औषध आहे, मेकअप नाही, घरात तसंच धरा. आणि "आपण सावळे, आपल्याला काय होतंय" असं कुणी म्हणालं तर, सावळ्या कातडीत कातडीचा कॅन्सर कमी होतो हे खरं, पण लुपस उसळायला तेवढं संरक्षण पुरत नाही. पार्लरमध्ये जेलचं नेलपॉलिश वाळवायचा दिवा असतो तोही यूव्ही ए चा, तो नको. कोरोनात घेतलेली निर्जंतुक करायची यूव्हीची पेटी-दिवा असेल तर त्यात सी प्रकारचा यूव्ही असतो, डोळे आणि कातडी दोन्ही भाजतात, काढून टाका.

तिची हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू असेलच बहुधा. मार्च २०२० मध्ये आयसीएमआरनं ती आरोग्य कर्मचाऱ्यांना कोरोनासाठी सुचवली तेव्हापासून घराघरात तिचं नाव झालं, आणि त्या दिवसांत लुपसच्या पोरींना दुकानांत गोळी मिळेना, फार हाल झाले. काहीजण तिला मलेरियाची गोळी म्हणून बंद करायला सांगतात. बंद करायची नाही. लुपस आवरायला ती पायाची गोळी आहे, उन्हाचा त्रासही तिनं कमी होतो, आणि अंगावर पाजतानाही चालते. वजनाप्रमाणे डोस बरोबर आहे ना आणि डोळ्यांची तपासणी कधी करायची एवढं विचारून घ्या. दुसऱ्या कुठल्या दुखण्यासाठी नवीन औषध घ्यायची वेळ आली तर लुपस आहे हे आधी सांगायचं, सल्फाची काही औषधं लुपस उसळवतात आणि डॉक्सीसायक्लिनसारखी काही उन्हाचा त्रास वाढवतात.

आता बाळ. तिच्या जुन्या रिपोर्टमध्ये अँटी-आरओ किंवा एसएसए असं काही पॉझिटिव्ह आहे का बघा, गरोदरपणात केलेलं असणार. ही अँटीबॉडी आईकडून बाळात जाते, आणि थोड्या बाळांना तिच्यामुळे चेहऱ्यावर, डोळ्यांभोवती गोल गोल लाल चट्टे उठतात, तेही उन्हानं वाढतात. आईची अँटीबॉडी बाळाच्या रक्तातून गेली की, साधारण सहा ते आठ महिन्यांत, चट्टे आपोआप जातात. फार थोड्या बाळांमध्ये ती हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करते, त्यासाठी गरोदरपणात सोनोग्राफी आणि जन्मल्यावर ईसीजी करतात, केला नसेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारा. अँटीबॉडी निगेटिव्ह असली तरी सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मी थेट उन्हात धरायला सांगत नाही, कातडी पातळ असते आणि सनस्क्रीनही त्या वयात लावत नाहीत. तेल मालिश करा, घरात उबेला करा, त्यात काही वाईट नाही. डीसाठी अंगावर पिणाऱ्या बाळांना रोज ४०० युनिटचे थेंब देतात, बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेची तशी शिफारसच आहे, नातवाला चालू आहेत ना बघा. ड्रॉपर नीट वाचा, वेगवेगळ्या कंपन्यांच्या थेंबांत युनिट वेगवेगळे असतात.

आणि हे झाल्यावर एका गोष्टीवर लक्ष ठेवा जी उन्हापेक्षाही महत्त्वाची आहे. आत्ता आजार उसळलेला आहे तर किडनीची तपासणी झाली का? लघवीची साधी तपासणी, त्यातलं प्रोटीन, रक्तातलं क्रिएटिनिन, बीपी. किडनीला लुपस लागला की सुरुवातीला दुखत नाही, कळतच नाही. लघवीला खूप फेस यायला लागला, सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली सूज, संध्याकाळी पायांवर सूज आणि बोटानं दाबलं की खळगा, बीपी वाढलेलं, ह्यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी तिच्या डॉक्टरांना फोन करा. ताप, छातीत श्वास घेताना दुखणं, एकदम गोंधळल्यासारखं बोलणं, फिट येणं, ह्याला तर सरळ दवाखान्यात न्यायचं. स्टेरॉइड चालू असतील तर "बाळाला नको" म्हणून मनानं बंद करायचे नाहीत, ते एकदम थांबवणं जीवावर बेतू शकतं. रिपोर्ट आले की मला कळवा, आणि सुनेला म्हणावं तिला स्वतःला काही विचारायचं असेल तर तिनंही लिहावं.